कॉकटेलमधल्या ‘पाच’चा हिशोब लिहून ठेवणारा इंग्रज डॉक्टर सह्याद्री चढून जुन्नरला आला होता

नाशिकला लोक ‘वाईन कॅपिटल’ म्हणतात. द्राक्षाच्या बागा आहेत, वायनरी आहेत, वीकेंडला मुंबई-पुण्याच्या गाड्या आहेत. पण गेल्या काही वर्षांत गोष्ट वाईनच्या पुढे गेली आहे. रील बघून घरीच कॉकटेल बनवणारे वाढलेत. कुणी परदेशातून येताना जिनची बाटली आणतं, कुणी गोव्यातून. त्यात एखादी ‘स्लो जिन’ची लालभडक बाटली निघते आणि मग गडबड होते.

कारण स्लो जिन नुसती प्यायली तर औषधाच्या सिरपसारखी गोड लागते. लिंबू जास्त पिळलं तर घशाला बोचते. सोडा जास्त झाला तर कशाचीच चव लागत नाही.

यावर जगभरातले बारटेंडर एकच उत्तर देतात. बॅलन्स. कडक, गोड, आंबट, पाणी आणि मसाला, या पाच गोष्टींनी एकमेकींना सांभाळायचं.

आता इथे थांबा. हा ‘पाच’चा हिशोब अमेरिकेतल्या कुठल्या बारमध्ये सुरू झाला असं वाटत असेल तर तसं नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्याच किनारपट्टीवर इंग्रज लोक एक पेय बनवायचे. त्याचं नाव होतं पंच. हे नाव इथल्या पाच या आकड्यावरून आलं, असं एका इंग्रज डॉक्टरनं तेव्हाच लिहून ठेवलं. हा डॉक्टर शिवाजी महाराजांच्या काळात मुंबईत राहिला, सह्याद्री चढून जुन्नरला गेला आणि गोव्याच्या दारूचीही नोंद करून गेला.

त्याचं नाव डॉ. जॉन फ्रायर.

पंचवीस वर्षांच्या आत-बाहेरचा पोरगा मुंबईत उतरला

फ्रायरचा जन्म साधारण १६५० चा, इंग्लंडमधला. केंब्रिजमध्ये शिकला, १६७१ मध्ये वैद्यकीची पदवी घेतली. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीला डॉक्टर हवे होते. जहाजावर माणसं मरायची, वखारीत मरायची, त्यामुळे कंपनीचा माणसांवरचा खर्च वाया जायचा. फ्रायरनं नोकरी धरली आणि १६७२ च्या डिसेंबरात तो जहाजात बसला.

तो काळ इंग्रज आणि डच यांच्या लढाईचा. त्यामुळे जहाजं ताफा करून निघाली. आफ्रिकेला वळसा घालून १६७३ मध्ये तो आधी पूर्व किनाऱ्यावर मछलीपट्टणमला पोचला आणि वर्षअखेरीस मुंबईत आला.

ती मुंबई म्हणजे आजची मुंबई नाही हे लक्षात घ्या. सात बेटं, मध्ये दलदल, भरतीला आत घुसणारं खारं पाणी. पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला आंदण मिळालेली ही बेटं १६६८ मध्ये कंपनीकडे आली होती. गव्हर्नर होता जेराल्ड ऑंजियर. शहर वसवायचं काम सुरू झालं होतं, पण माणसं टिकत नव्हती.

फ्रायर डॉक्टर होता, त्यामुळे हे मरण त्याला रोज दिसत होतं. त्यानं जो हिशोब लिहिला तो अंगावर काटा आणणारा आहे. इथे येणाऱ्या पाचशे इंग्रजांमागे शंभरही जगत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं.

म्हणजे विशीतली पोरं नशीब काढायला यायची आणि दोन-तीन पावसाळ्यांत मातीत जायची.

मरत का होती?

डास आणि मलेरियाचा संबंध कळायला अजून सव्वादोनशे वर्षं जायची होती. त्यामुळे फ्रायरनं त्याच्या काळाच्या समजुतीप्रमाणे कारणं शोधली. खराब पाणी, दलदलीची हवा, माडाच्या मुळाशी खत म्हणून घातलेल्या कुजक्या मासळीचा वास. ही कारणं त्या काळातले बाकीचे लोकही सांगायचे.

पण त्याच्या यादीत आणखी एक गोष्ट होती. दारू.

मुंबईतले इंग्रज ‘फूल रॅक’ नावाची एक कडक दारू प्यायचे आणि आजारपणाच्या सगळ्यात वाईट कारणांत फ्रायरनं तिचं नाव घातलं. पोर्तुगीज लोक ही दारू समुद्रातल्या जेलीफिशपासून गाळतात, असंही त्यानं लिहिलं आहे. हे वाचून आज हसू येईल. कुणीतरी सांगितलेलं त्यानं लिहून ठेवलं असावं. पण ती पिऊन माणूस मूर्ख होतो, हे निरीक्षण मात्र त्याच्या रोजच्या बघण्यातलं होतं. इंग्रजीत ‘फूल’ म्हणजे मूर्खच, त्यामुळे त्याला शब्दाची कोटीही सापडली.

यापुढे त्यानं जे लिहिलं ते जास्त महत्त्वाचं आहे. इंग्रज असे पटापट मरत असताना इथले स्थानिक लोक आणि इथे रुळलेले पोर्तुगीज मात्र चांगले म्हातारे होऊन जात होते. हवा तीच, पाणी तेच. मग फरक कुठे? लोक याचं श्रेय त्यांच्या बेताच्या राहणीला द्यायचे. ते कडक दारूच्या मागे लागत नाहीत आणि इंग्रजांसारखं मांसही हादडत नाहीत, असं फ्रायरनं नोंदवलं.

आज आपण म्हणू की स्थानिकांच्या शरीरानं लहानपणापासून त्या तापाशी झुंज दिलेली असायची, तेही एक कारण होतंच. पण स्वतःच्याच माणसांच्या सवयींवर बोट ठेवायला हिंमत लागते. ती त्यानं दाखवली.

डॉक्टर निघाला जुन्नरला

१६७५ च्या उन्हाळ्यात त्याला एक वेगळंच काम लागलं. जुन्नरच्या मुघल सुभेदारानं मुंबईच्या गव्हर्नरकडे डॉक्टर मागितला. कंपनीला घाटावर व्यापार वाढवायचा होता, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. फ्रायरची नेमणूक झाली.

जाताना वाट शिवाजी महाराजांच्या मुलखातून होती. आदल्याच वर्षी, ६ जून १६७४ ला, रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला होता. मुंबईहून हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रज वकील म्हणून तिथे हजर होता. फ्रायर स्वतः रायगडावर नव्हता, पण ऑक्झेंडनच्या या भेटीची हकिकत त्यानं पुढे आपल्या पुस्तकात घेतली. म्हणून मराठ्यांच्या इतिहासात त्याचं नाव आजही निघतं.

तर फ्रायर कल्याण, मुरबाड करत सह्याद्रीच्या पायथ्याशी आला. चढताना मात्र वाट चुकली आणि भलताच अवघड घाट वाट्याला आला. वाटेत त्याला लढायांनी पिचलेली गावं आणि उपाशी शेतकरी दिसले, तेही त्यानं लिहिलं. येताना तो नाणेघाटानं उतरला, ती वाट त्याला बरीच सोपी गेली.

जुन्नरला त्याची परीक्षाच झाली. सुभेदाराच्या जनान्यातली एक बाई आजारी होती. पडद्यामागून एक हात बाहेर आला. फ्रायरनं नाडी बघितली आणि सांगितलं की या बाईला काही झालेलं नाही. तो हात खरंच एका धडधाकट दासीचा होता. गोरा डॉक्टर थापा मारतो की काय हे त्यांना बघायचं होतं. तो पास झाल्यावर खऱ्या रोग्याचा हात पुढे आला.

तो शिवनेरीवरही जाऊन आला. शिवाजी महाराजांचा जन्म जिथे झाला तो हा किल्ला तेव्हा मुघलांच्या ताब्यात होता आणि महाराजांना तो शेवटपर्यंत घेता आला नाही. हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढी शिधासामग्री गडावर आहे, अशी नोंद फ्रायरनं केली.

फ्रायर तिथून पुढे नाशिकला आला नाही. पण आज पुण्याहून नाशिकला निघालं की जुन्नरचा तो पट्टा वाटेतच लागतो. त्याच पट्ट्यात नारायणगावला १९८० च्या दशकात भारतातली पहिल्या पिढीतली फेसाळ वाईन तयार होऊ लागली आणि पुढे नाशिकनं तो धंदा आपल्या नावावर केला.

गोव्याचं नेरूळ आणि पाच गोष्टींची दारू

जुन्नरहून परतल्यावर फ्रायर दक्षिणेला गेला. कारवार, गोकर्ण, गोवा असा त्याचा फेरफटका झाला. गोव्याबद्दल लिहिताना त्यानं एका गावाचं नाव घेतलं, नेरूळ. नवी मुंबईतलं नाही, मांडवीच्या मुखाजवळचं, बार्देशातलं नेरूळ.

या नेरूळला सगळ्यात चांगली अरक बनते, असं त्यानं लिहिलं. अरक म्हणजे गाळलेली कडक दारू. गोव्यात ती माडाच्या सुरेपासून गाळायचे. सूर म्हणजे माडाची ताडी. काजूची फेणी आज जास्त प्रसिद्ध असली, तरी माडाची फेणी गोव्यात अजूनही मिळते, ती याच घराण्यातली.

आणि मग आली ती नोंद. या अरकेपासून किनाऱ्यावरचे इंग्रज एक पेय करतात, त्याला ‘पंच’ म्हणतात. हिंदुस्थानी भाषेत याचा अर्थ पाच, कारण त्यात पाच गोष्टी असतात.

फ्रायर डॉक्टर असल्यामुळे त्याला लगेच दवाखाना आठवला. युरोपातले वैद्य चार औषधांच्या मिश्रणाला चारावरून आणि पाच औषधांच्या मिश्रणाला पाचावरून नाव द्यायचे. पंचचं नाव त्याला त्याच जातीचं वाटलं. आपल्याला यात काही नवल नाही. पंचामृत, पंचखाद्य, पंचांग, पंचनामा, पाचाची मोजणी आपल्या जिभेवरच आहे.

पण एक गंमत बघा. ज्या वाक्यात त्यानं या पेयाची ओळख करून दिली, त्याच वाक्यात ते माणसाची ताकद काढून घेतं असंही सांगून टाकलं. त्यानं पंचची जाहिरात केली नव्हती. डॉक्टर रोगाचं कारण लिहितो तसं त्यानं ते लिहिलं होतं.

हे पाच नक्की कोणते?

पुढे पंचची जी सर्वमान्य रीत झाली त्यात अरक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला हे पाच आले. मसाला म्हणून बहुतेक वेळा जायफळ. काही ठिकाणी मसाल्याच्या जागी चहा.

हे पेय फ्रायरच्या आधीपासून होतं. १६३२ च्या एका इंग्रजी पत्रात पंचचा उल्लेख आहे. १६३८ मध्ये सुरतेत आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशानंही अशाच पेयाबद्दल लिहिलं. नाव पाचावरूनच आलं का, यावरही अभ्यासकांचं एकमत नाही. दारूच्या मोठ्या पिंपाला इंग्रजीत ‘पंचन’ म्हणायचे, त्यावरून आलं असंही काही जण मानतात आणि सुरुवातीच्या पंचमध्ये दर वेळी पाचच वस्तू असायच्या असंही नाही. पण पाचाची गोष्ट जगभर रुजली, त्यात फ्रायरच्या या नोंदीचा वाटा मोठा आहे.

विचार करा, हे लोक अरक नुसती का पीत नव्हते? नुसती पिणारेही होतेच. पण अरक कडक होती, वासाला उग्र होती. साखरेनं तिचा तिखटपणा मोडला, लिंबानं साखरेचा चिकटपणा कापला, पाण्यानं जोर कमी केला आणि जायफळानं वास झाकला. साखर आणि लिंबू आपल्याकडे मुबलक. थोडक्यात, आपण सरबत करतो त्याच हिशोबात दारू बसवली गेली.

हाच हिशोब स्लो जिनला लावला तर?

जहाजांबरोबर पंच इंग्लंडला गेला. मोठमोठ्या वाडग्यांतून तो प्यायला जाऊ लागला. पुढे वाडगा गेला, एकेका माणसाचा ग्लास आला. १८६२ मध्ये अमेरिकेत जेरी थॉमसनं कॉकटेलचं पुस्तक काढलं, त्यातही पंचच्या कितीतरी रीती आहेत. ‘सावर’ आणि ‘फिझ’ ही आजची पेयं त्याच कुटुंबातली.

स्लो हे ब्लॅकथॉर्न नावाच्या युरोपातल्या काटेरी झुडपाचं फळ. आलुबुखाऱ्याच्या नात्यातलं, पण इतकं तुरट की नुसतं खाववत नाही. ते साखरेबरोबर जिनमध्ये काही महिने मुरवतात. म्हणजे स्लो जिनमध्ये कडक आणि गोड या दोन बाजू आधीच भरलेल्या असतात. घरी करणाऱ्यांचं गणित बहुतेकदा इथेच चुकतं. रीलमधल्या साध्या जिनच्या प्रमाणात साखरेचा पाक ओतला की सगळं गुळचट होतं.

एका ग्लासाचं प्रमाण असं धरा. स्लो जिन ४५ मिली, ताज्या लिंबाचा रस २० मिली, साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक १० मिली. हे तिन्ही बर्फ घालून झाकणाच्या बरणीत दहा-बारा सेकंद जोरात हलवा. हलवताना बर्फ थोडा वितळतो, तेही पाणी हिशोबातलंच. गाळून बर्फाच्या ग्लासात घ्या, वरून ९० मिली सोडा. शेवटी श्रीखंडात घालतो तेवढं, चिमूटभर किसलेलं जायफळ. झाले पाच.

चाखून बघा. गोड वाटलं तर लिंबाचे चार थेंब, आंबट वाटलं तर पाकाचा अर्धा चमचा. आपली लिंबं कधी रसाळ तर कधी जहाल आंबट असतात, त्यामुळे मोजमापानंतर जिभेचं ऐकावंच लागतं.

स्लो जिन नसेल तर अडत नाही. उन्हाळ्यात इगतपुरी, त्र्यंबकच्या बाजूला करवंदं येतात, जूनमध्ये जांभळं. स्लोचा आंबट-तुरटपणा या दोन्हींत आहे. साध्या जिनमध्ये करवंदाचं सरबत घातलं तर त्याच वळणाची चव मिळते. मात्र साधी जिन जास्त कडक असते, भारतात बहुतेक ४२.८ टक्के अल्कोहोलची, तर स्लो जिन युरोपच्या नियमाप्रमाणे किमान २५ टक्क्यांची. म्हणून साधी जिन ३० मिलीच पुरे. आणि जिन अजिबात न घालता करवंद, लिंबू, पाक, सोडा, जायफळ एवढंच केलं तरी ग्लास छानच लागतो.

महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि पिण्याचा परवाना लागतो, हेही लक्षात असू द्या.

डॉक्टरचं पुढे काय झालं?

फ्रायर १६७७ मध्ये इराणला गेला, तिथून १६७९ मध्ये सुरतेला परत आला आणि १६८२ मध्ये त्यानं भारत सोडला. जवळपास दहा वर्षं तो या भागात होता. इंग्लंडला जाऊन १६८३ मध्ये त्यानं केंब्रिजची वैद्यकीतली वरची पदवी घेतली. १६९७ मध्ये रॉयल सोसायटीनं त्याला सभासद करून घेतलं.

प्रवासात लिहिलेली मोठमोठी पत्रं त्याच्याकडे पडून होती. त्या वेळी बाजारात फ्रेंच आणि इतर परदेशी प्रवाशांच्या पुस्तकांची भाषांतरं धडाधड येत होती. त्याचा राग येऊन अखेर १६९८ मध्ये त्यानं आपली आठ पत्रं पुस्तकरूपानं छापली. सतराव्या शतकातली मुंबई, सुरत, जुन्नर, गोवा कसं होतं हे बघायला अभ्यासक आजही ते उघडतात.

त्याच्या म्हातारपणी लंडनमध्ये स्वस्त जिनचा सुळसुळाट झाला. गोरगरीब तिच्यात इतके बुडाले की १७२९ मध्ये संसदेला जिनवर पहिला कायदा करावा लागला. मुंबईत त्यानं जे वखारीतल्या पोरांचं होताना बघितलं होतं, ते आता त्याच्याच देशाच्या राजधानीत होत होतं.

३१ मार्च १७३३ ला जॉन फ्रायर गेला. वय ऐंशीच्या पुढे.

पाचशेत शंभरही वाचत नव्हते त्या मुंबईत तो उतरला होता आणि त्यानंतर तब्बल साठ वर्षं जगला. यात नशिबाचा भाग मोठा असणार. त्याच्याबरोबरच्या कितीतरी जणांच्या वाट्याला ते नशीब आलं नाही. त्यांच्या वाडग्यातला पंचही पाच गोष्टी घालूनच केलेला असायचा, चवीला बरोबर जमलेला असायचा. पण लिंबू-साखरेनं दारूचा कडकपणा फक्त जिभेला कळेनासा होतो, शरीराला तो पूर्ण पोचतो. त्यामुळे चांगलं जमलेलं कॉकटेल पटकन संपतं आणि दुसरा ग्लास भरला जातो.

म्हणून या शनिवारी नाशिकच्या गच्चीवर ग्लास भरताना ४५ मिली मोजून घ्या. आणि किती ग्लास झाले तेही मोजा.